सुनेने गिळलेला हिरा

माझी लेक परसात घमेल्यावर बसली होती. सातवा महिना चालू होता. तिची सासू मागून काखेत हात घालून तिला धरून होती, नाहीतर ती तोंडावर पडली असती. साडी कमरेपर्यंत गुंडाळलेली, पोटऱ्यांवर ओघळ, आणि चेहरा असा पांढरा की ओठ कुठे संपतात ते कळत नव्हतं. थोड्या अंतरावर, आमच्याकडे पाठ करून, तिचा सासरा प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसला होता आणि तिथून सांगत होता, "पाणी ओता. हळू ओता. गाळ जाव दे. खडा जड असतो, तो खालीच ऱ्हाणार."

मी नुकतीच दारातून आत आले होते. हातात पिशवी होती. पिशवीत ओटीचा नारळ, तांदूळ आणि खण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून मी लेकीला न्यायला आले होते. मला बघून विहीण म्हणाली, "आलात? बरा झाला. माझे हात भरून आले. तुमची लेक, आता तुमी चाळा."

आणि तिने पायाने चाळण माझ्याकडे सरकवली. ती तांदळाची चाळण होती.

मी पिशवी पडवीत ठेवली, पदर खोचला आणि चाळलं. काय शोधायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. लेकीने मान वर केली. "आये, मी नाय खाल्ला गो," ती म्हणाली. मग तिला पुन्हा कळ आली आणि तिने आपलाच हात चावला.

चाळणीत मिरचीच्या बिया होत्या. दुसरं काही नव्हतं.

"नाय?" छत्रीखालून आवाज आला.

"नाय," विहीण म्हणाली.

"मग अजून एक पुडी द्या."

पुडी जमालगोट्याची होती, जालीम जुलाबाची. बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून आणलेली. त्याआधी एरंडेल पाजून झालं होतं.

हे असं का चाललं होतं ते सांगायचं तर आधी त्या माणसाचं सांगायला पाहिजे. माझा व्याही मुंबईत एका जवाहिऱ्याच्या दुकानावर दरवान होता. ऐन उमेदीची सगळी वर्षं तो त्या दारात उभा राहिला. म्हातारपणी गावी परतला तेव्हा एक खडा घेऊन आला, कागदात गुंडाळलेला, आणि डोकं भरून हिऱ्यांच्या गोष्टी. खडा सेठने खुश होऊन दिला असं तो सांगे. सेठने दिला की नाही, खरा दिला की खोटा, हे मला माहीत नाही. सोनाराला कधी दाखवला नव्हता. सोनार बदलून घेईल, असं त्याचं म्हणणं.

त्याचं गाव मुरबाडकडे, सरळगावच्या अलीकडे. आम्ही खर्डीचे. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी लेकीचं तिथे जमलं. मुलगा मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला, घरची भातशेती, बैलजोडी. माझे मालक वारले होते, म्हणून मी माझ्या दिराला बरोबर घेऊन घर बघायला गेले. आम्ही मुलाचं बघायला गेलो आणि त्यांनी आम्हाला हिरे ऐकवले.

व्याही बोलायला लागला की हातातला चहा निवून जायचा. हैदराबादच्या एका राजाला मेलेल्या बापाच्या जोड्यात लिंबाएवढा हिरा सापडला. त्याला वाटलं काच आहे, म्हणून त्याने तो कागद उडू नयेत यासाठी टेबलावर ठेवला.

"आमच्या बापसाच्या जोड्यात मना इंचू सापडलेला," माझा दीर म्हणाला.

व्याही हसला नाही. हिऱ्यांवर हसलेलं त्याला चालत नसे.

मग कोहिनूर. इराणच्या बादशहाला कळलं की दिल्लीचा बादशहा हिरा पगडीत लपवतो. त्याने मोठ्या प्रेमाने त्याला म्हटलं, आपण आता भाऊ, पगड्या बदलू या. बदलल्या. हिरा गेला. पण घेऊन जाणाऱ्यालाही तो पचला नाही, त्याच्याच माणसांनी त्याला कापला. पुढे ज्याच्या हाती गेला त्याचे कुणाचे डोळे काढले, कुणाचं राज्य बुडालं. "बाप्याला तो लागू होत नाय," व्याही म्हणाला. "बाईला होतो. म्हणून विलायतेत बघा, राणी घालते. राजा हात नाय लावत."

हाच नियम त्याने स्वतःच्या घरात लावला होता. त्याचा तो तांदळाच्या दाण्याएवढा खडा पुरुषाने हातात घ्यायचा नाही. आधी तो त्याच्या बायकोच्या नाकात होता, आणि आता सून आली की सुनेच्या नाकात जाणार. चमकी करून, सोन्याच्या कोंदणात. माझ्या लेकीला ते ऐकून बरं वाटलं असेल. तिच्या नाकात तोवर कडुनिंबाची काडी होती.

एक गोष्ट तो सगळ्यात रंगवून सांगे. एका फिरंगी सरदाराला आपला हिरा राजाकडे पोचवायचा होता. त्याने तो नोकराजवळ दिला. वाटेत चोर आले. नोकराने हिरा गिळला. चोरांनी त्याला मारलं, शोधलं, काही मिळालं नाही, पुरून टाकलं. सरदाराला कळल्यावर तो म्हणाला, माझा माणूस हिरा देणार नाही. तो गेला, मढं उकरलं, पोट फाडलं. "आत हिरा!" व्याह्याने मांडीवर थाप मारली. "असा नोकर पायजे!"

"त्या नोकराला बायकापोरं होती का?" मी विचारलं.

"ते कोण सांगणार? गोष्ट हिऱ्याची हाय ना, विहीणबाय."

आणि गोवळकोंड्याच्या खाणींची एक होती. तिथे चिखल धुऊन हिरे काढत. मजुरावर संशय आला की त्याला कोंडून जुलाब देत. गिळलेला असेल तर बाहेर येई. हे तो हसत सांगे, आणि त्यालाच जोडून आपलं सांगे. दुकान बंद झालं की सेठचा माणूस त्याला दारातच उभा करी, तोंड उघडायला लावी आणि जिभेखाली बोट फिरवी. रोज. "इतक्या वर्षांत एकदा पण काय सापडला नाय!" असं म्हणताना त्याची छाती फुगे. मला तेव्हा त्याची कीव आली होती. ती चूक होती. ज्याच्या तोंडात इतकी वर्षं दुसऱ्याने बोट घातलं, तो घरी येऊन कुणाचं तरी तोंड उघडायची वाट बघणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. लग्न ठरलं. लेक गेली. चमकी नाकात आली.

आता परसातल्या दिवसाकडे येते. चाळता चाळता विहिणीने मला झालेलं सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं. भाताची रोपं लावायची आवणी चालू होती. लेक पोटुशी असून शेतात जात होती. त्याचं मला काही नाही, मीही पोरं पोटात घेऊन आवणी केलेली आहे. आदल्या दिवशी दुपारी तिने बांधावर भाकरी खाल्ली. घरी येऊन चुलीपुढे बसली, तेव्हा सासूला दिसलं की चमकीचं कोंदण रिकामं आहे.

दिवसभर चिखलात वाकलेली बाई. तोंडावरचा घाम दंडाने पुसणार, रोपाची मूठ सोडताना हात नाकापाशी येणार. खडा कुठे गेला असेल हे शेंबडं पोरही सांगेल. पण दरवानाने दरवानासारखा विचार केला. नाकाखाली काय असतं? तोंड. भाकरी कुणी खाल्ली? हिने. आणि ही आता कुठे निघाली? माहेरी.

"पोटात घालून आयशीकडं नेणार होती," तो म्हणाला. "तिकडं काढून घेणार. मी दारात उभा राहून जन्म काढला. मना शिकवता?"

जावयाने एकदा म्हटलं म्हणे, आपण शेतात जाऊन चिखल चाळू या. त्यावर बापाने त्याला विचारलं, "तू चाळणार? तुझा हात हिऱ्याला लागला तर?" पोरगा उठून गोठ्यात गेला. घरातल्या बायका दोन. त्यांतली एक कोंडलेली, दुसरी तिच्यावर पहाऱ्याला. शेतात कुणी गेलं नाही.

मी हात धुतले आणि त्याच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले.

"मी हिला घेऊन जाते."

"न्या की. हिरा ठेवा नि न्या."

"तिच्या पोटात पोर हाय, व्याही."

"माझा हिरा पण हाय."

"पोर तुमच्या वंशाचं हाय."

"पोरं होत ऱ्हातात, विहीणबाय. हिरा होत नाय." त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तुमाला घाई असंल तर तुमी जा. ती खडा टाकंल तेव्हा तिला पाठवू."

मी जावयाला शोधला. तो गोठ्यात होता. बैलांपुढे छातीएवढं गवत पडलेलं आणि हा अजून टाकत होता. बैलही खायचे थांबून त्याच्याकडे बघत होते.

"काय रे, बायको मरते तुझी."

"बाबांना यातला कळतं," तो म्हणाला. "ते मुंबयला होते."

"तू विचारलंस तिला?"

"विचारलं. नाय बोलते."

"मग?"

"गिळलेला माणूस हो बोलंल का?" असं म्हणून त्याने पुढची पेंढी सोडली.

मला लोक विचारतात की तू आरडाओरडा का केला नाहीस, गाव का गोळा केलं नाहीस. गाव गोळा झालेलंच होतं. कुंपणापलीकडे बायका उभ्या होत्या, डोक्यावर गोणपाटाच्या खोळी घेऊन. एकीने मला विचारलं, "निघाला का गो?" जसं विहिरीत पडलेल्या कळशीचं विचारतात. त्यांनाही तो हिरा बघायचा होता. त्या गावात दुसरं बघण्यासारखं काय होतं?

परसात आले तेव्हा लेक मातीत आडवी पडली होती आणि विहीण पुडी पाण्यात कालवत होती. लेकीचं पोट दगडासारखं कडक झालेलं मी हात लावून बघितलं. तीन वेळा बाळंत झालेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आणखी एक पुडी तिने सोसली नसती.

माझ्या नाकात चमकी होती. म्हसाच्या जत्रेत घेतलेली, पितळेच्या कोंदणात काचेचा खडा. "थांबा, पाणी आणते, एकदा नीट धुऊन बघू," असं म्हणून मी हंडा उचलला आणि गोठ्यामागे पिंपापाशी गेले. तिथे चमकी काढली, कोंदण दातांत धरलं आणि चावलं. दाताचा टवका उडाला. खडा जिभेवर आला. तो मुठीत थुंकला, हंडा भरला, परत आले.

घमेल्यात हात घातला तेव्हा मी काही देवाचं नाव घेतलं नाही. उलट मनात आलं की विहिणीने हात बघायला मागितला तर काय. तिने मागितला नाही. मी पाणी ओतत राहिले, चाळण हलवत राहिले, आणि पुरेसा वेळ झाल्यावर मूठ सैल केली.

खडा चाळणीत पडला. विहीण वाकली. तिने खडा बघितला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या नाकाकडे. रिकामं भोक तिला दिसलं, यात मला शंका नाही. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता ही बोंब मारणार.

"सापडला ओ," ती नवऱ्याला म्हणाली.

आणि खालच्या आवाजात मला, "उचला हिला. माझ्या घरात मरायला नको. पोलीस येतील."

दया वगैरे तिच्या चेहऱ्यावर नव्हती. तिला फक्त प्रेत नको होतं.

व्याही खुर्चीवरून उठला. जवळ आला, पण नियमाप्रमाणे हात मागे बांधून. "धू. तळहातावर ठेव. आता फुंक मार. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाय."

विहिणीने फुंक मारली. काचेवर वाफ बसली. ती बसून राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो आणि ती जाईना.

"पावसाळी हवा हाय," व्याही म्हणाला. एक डोळा मिटून तो आणखी वाकला, इतका की त्याचा श्वासही त्या खड्यावर पडला. मग ताठ झाला. "हाच. हजारात वळखीन." आणि माझ्या लेकीकडे वळून म्हणाला, "बघ. काय बोलत होतीस? नाय खाल्ला, नाय खाल्ला."

कुंपणाशी बायकांत कुजबुज झाली. एक म्हणाली, "म्हंजे खाल्लाच होता!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. खडा निघाला म्हणजे गिळला होता. माझ्या हाताने मी लेकीला सोडवलं आणि माझ्याच हाताने तिला चोर करून दिलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. चोर जगते.

"आये, मी नाय खाल्ला," लेक मातीतून म्हणाली.

"गप बस," मी म्हटलं. "ऊठ."

जावई पुढे आला. वाटलं, उचलायला आला. तो म्हणाला, "आई बोलते, नाकातला कोंदण काढून ठेवा. खडा परत बसवायचा हाय." स्वतः हात लावायला तो धजला नाही. मी लेकीच्या नाकातून कोंदण काढलं आणि घमेल्यात टाकलं. घ्या म्हटलं.

ओटीचं सामान तिथेच पडवीत राहिलं.

फाट्यापर्यंत मी तिला कशी नेली ते माझ्या पाठीला माहीत. एसटी निघून गेली होती. दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने तिच्याकडे बघून नाक दाबलं, मग मागे किटल्यांत बसू दिलं. मुरबाड येईपर्यंत तिने माझा दंड धरून ठेवला होता. ती नखं किती तरी दिवस दिसत होती. वाटेत तिचं पाणी गेलं. किटल्या एकमेकींवर आपटत होत्या, त्या आवाजात ती ओरडत होती की नाही तेही धड ऐकू येत नव्हतं.

दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा होता. माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढा. नखं होती, भुवया होत्या. थोडा वेळ त्याच्या बरगड्या हलल्या, मग नाही.

डॉक्टरीणबाई मला विचारू लागल्या की हिला काय दिलं होतं. मी सांगितलं. त्या मलाच ओरडल्या. "तुम्ही अडाणी लोक, पोरी मारता औषधं घालून." त्यांना वाटलं ते मी दिलं. मी म्हटलं नाही की दुसऱ्याने दिलं. ओरडून झाल्यावर त्या कामाला लागतील, मध्ये बोललं तर आणखी ओरडतील, एवढा हिशेब मी केला. त्या कामाला लागल्या. लेकीला सलाईन लावलं. तिचा रंग परत यायला फार वेळ लागला.

सासरचं कुणी आलं नाही. मूल मी आणि माझ्या दिराने पुरलं.

पुढे समाजाची बैठक झाली, किन्हवलीला, देवळाच्या ओट्यावर. त्यांना सोडचिठ्ठी पाहिजे होती. चोर सून नको. व्याह्याने आपल्या बायकोला पुढे बसवलं आणि तिच्या तळहातावर तो खडा ठेवायला लावला. सोन्याच्या कोंदणात माझी जत्रेतली काच.

मी उभी राहून सगळ्यांपुढे सांगितलं. "तो खडा माझा हाय. काच हाय. माझ्या नाकातला मी काढून घमेल्यात टाकला. लेकीला सोडवायला. सोनाराकडं न्या, कळंल."

पुढारी एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "असं असंल तर..."

व्याही शांतपणे म्हणाला, "ठीक. हा यांचा असंल. मग आमचा कुठं हाय?"

त्याने एकेका पुढाऱ्याकडे बघितलं.

"हा आमचा असंल तर तो तिच्या पोटातून निघाला. आमचा नसंल तर तो अजून तिच्या पोटात हाय. तुमीच सांगा, कुठला धरू?"

पुढाऱ्यांनी माना हलवल्या. हा माणूस दारावर उभा राहून जेवढं शिकला तेवढं त्यांतलं कुणी शाळेत शिकलं नव्हतं. "चिखलात पडला," मी म्हटलं. "शेतात बघा." त्यावर एक म्हातारा हसला. "आता भात पोटरीला आलं, बाय. आता काय बघणार?"

मग त्यांनी विहिणीला विचारलं. ती एकटी खरं जाणत होती. तिने तळहातावरच्या काचेकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचाच." तिचं मला आश्चर्य वाटलं नाही. तिला त्याच घरात राहायचं होतं.

सोडचिठ्ठी झाली. जावयाने दुसरं लग्न केलं, तिकडच्याच एका पोरीशी. ती नाकात माझी काच घालून फिरते असं कानावर आलं. लेकीला मी ते सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पडली तर तिची बी हीच गत." आणि भात कांडत राहिली.

लेकीला दुसरं स्थळ आलं नाही. एक जण बघायला आला होता, बिजवर. सगळं ठरत आलं. मग त्याच्या बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ती हिरेवाली तीच का हो?" मी म्हटलं, तीच. ते चहा न घेता गेले.

पुष्कळ वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेलं होतं, शहापूरला नात्यातल्या एका लग्नात आम्ही दोघी गेलो होतो. लेक पंगतीत भात वाढत होती. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. शेजारी पोरांचा घोळका होता, आणि घोळक्याच्या मधून एक आवाज आला जो मला मेल्यावरही ओळखता येईल.

व्याही खूप म्हातारा झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू. पंगतीच्या टोकाला त्याचं पान होतं, विहीण त्याच्या बाजूला पत्रावळ घेऊन बसली होती. तो पोरांना हिऱ्यांच्या गोष्टी सांगत होता. पगड्यांची झाली, जोड्याची झाली, नोकराची झाली. एक पोरगा मोबाइल खाली करून म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे पण होता ना एक?"

"होता म्हंजे? हाय. सुनेच्या नाकात हाय." तो सरसावून बसला. "त्याच्यावर एक जीव गेलेला हाय."

"कुणाचा?"

"आधीच्या सुनेचा. गिळला तिने. माहेरी न्यायचा होता. पण हिरा तो, आतून कापत गेला. मुरबाडच्या वाटेवर मेली."

"आणि हिरा?"

"काढला."

"कसा काढला?"

"कसा म्हंजे? पोट फाडून."

पोरं जवळ सरकली. एक म्हणाला, "बापरे, कोहिनूरसारखंच." म्हाताऱ्याची छाती फुगली. मला ती छाती ओळखीची होती.

मी उठून त्याच्यापुढे गेले. "व्याही, मी तिची आय."

"कोण?"

"खर्डीची. तिची आय. ती मेली नाय. ती बघा, पलीकडं भात वाढते."

त्याने मान माझ्या दिशेला केली. दिसत काही नसावं. मग पोरांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बिचारी. लेक गेल्यापासून अशी झाली."

पोरांनी माझ्याकडे दयेने बघितलं. एकाने मला बसायला खुर्ची दिली. "आजी, बसा. पाणी आणू का?" विहीण जेवत होती. तिने मान वर केली नाही. लेक भाताचं पातेलं घेऊन त्याच ओळीत आली, म्हाताऱ्याच्या पानापुढे थांबली, त्याला ओळखलं, आणि वाढलं. तो म्हणाला, "बस, बस, पोरी." ती पुढच्या पानाला गेली.

आता व्याही नाही. विहीणही नाही. गोष्ट मात्र त्या बाजूला अजून सांगतात, आणि तिच्यात माझी लेक दर वेळी मरते. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, मला एवढं लिहिता येतं म्हणून लिहिते. माझी लेक जिवंत आहे. खर्डीला माझ्याजवळ असते, शेत तीच करते. मूल जगलं नाही. मी आणि लेक जगलो.